ओठातली गाठ आणि सुईची तपासणी: प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा: आईच्या वरच्या ओठात वाटाण्याएवढी, न दुखणारी गाठ आहे, सुईच्या तपासणीत ‘साधी गाठ’ (म्हणजे कॅन्सर नाही) असं आलं, तरीही पूर्ण गाठ काढून तपासा असं लिहून मी लोकांना घाबरवतो. चाकू लागला की गाठ पसरते, असंही तुम्ही म्हणता.

आधी तुमचं बरोबर काय ते सांगतो. कानाखालच्या मोठ्या लाळग्रंथीतल्या गाठीला पहिली तपासणी सुईचीच हवी. लेखात हा फरक स्पष्ट करायला हवा होता.

पण ओठातल्या बारीक लाळग्रंथींचं तसं नाही. खालच्या ओठातली मऊ, निळसर फुगी बहुधा दात लागून नळी फुटल्यामुळे साठलेल्या लाळेची असते. वरच्या ओठात हे क्वचित घडतं. तिथली टणक, बोटाखाली सरकणारी गाठ लाळग्रंथीचा ट्यूमर धरूनच तपासावी. साठीच्या पुढच्या बायकांमध्ये तिथे लाळग्रंथीचा कॅनॅलिक्युलर अ‍ॅडिनोमा आढळतो. तो साधाच असतो, पण त्याच ओठात त्याची आणखी बारीक केंद्रंही असू शकतात.

सुईतून पेशी मिळतात, गाठीची कड मिळत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. बेसल सेल अ‍ॅडिनोमा हा साधा ट्यूमर आणि त्याचा घातक (कॅन्सरचा) भाऊ यांच्या पेशी जवळपास सारख्याच दिसतात. गाठ आवरण भेदून शेजारच्या ऊतीत शिरली आहे का, यावर निदान ठरतं. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा कॅन्सरही सुईच्या नमुन्यात याच रूपात येऊ शकतो. म्हणून लाळग्रंथीच्या सुईतपासणीचे रिपोर्ट लिहिण्याच्या 2018 च्या मिलान पद्धतीत ‘ट्यूमर आहे, पण घातक की साधा हे अनिश्चित’ असा वेगळा वर्गच ठेवला आहे. असा रिपोर्ट आला तर तो प्रामाणिक रिपोर्ट समजा, लॅबची चूक नव्हे. पेशींतली प्रथिनं रंगवून पाहणाऱ्या तपासणीत पी63 हे प्रथिन कामाला येतं: कॅनॅलिक्युलरमध्ये ते सहसा नसतं, बेसल सेलमध्ये असतं. एस100 हे प्रथिन दोन्हींत येऊ शकतं, त्यामुळे एकट्या त्याच्यावर निर्णय करू नये.

पसरण्याची भीती निराधार नाही. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा हा लाळग्रंथीचा साधा ट्यूमरही फुटला तर पुन्हा उगवू शकतो. म्हणूनच ओठातली लहान गाठ कुरतडायची नसते. भोवतीच्या थोड्या निरोगी भागासकट ती अखंड काढायची. तीच बायोप्सी, तोच उपचार.

तोंडातल्या टाळूवर मात्र मोठ्या गाठीचा आधी तुकडा घ्यावा लागतो, तोही गाठीच्या मधून, खोलवर. त्याआधी शेजारचा दात जिवंत आहे का हे त्याला थंड लावून आणि एक्स-रेने पाहा, कारण वरच्या दाढेच्या टाळूकडच्या मुळाचा पू तिथे तसाच फुगतो. टाळूचं अस्तर हाडाला चिकटलेलं असतं. तेव्हा गाठ सरकत नाही एवढ्यावरून कॅन्सर म्हणू नये. टाळू बधिर झाली असेल तर मात्र वाट पाहू नका.

पुण्यात नमुन्याची डबी बऱ्याचदा नातेवाईकच स्कूटरवरून लॅबला नेतात. ती घेताना विचारा: आत 10 टक्के फॉर्मेलिन (तुकडा टिकवणारं द्रावण) आहे ना, तुकड्याच्या दसपट? सलाइनमध्ये तुकडा कुजतो, आणि चिमट्याने चेचलेल्या पेशी कुणालाच वाचता येत नाहीत. अर्जावर ‘वरचा ओठ’, वय आणि गाठ किती महिने आहे हेही लिहून घ्या. नुसत्या ‘ओठ’ शब्दाने पॅथॉलॉजिस्टचा निम्मा पुरावा जातो.