‘ठसा लावला की खुनी हजर’ वाला मेसेज: जरा थांबा

सिडकोपासून पंचवटीपर्यंत नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा की फॉरेन्सिक आता इतकं पुढे गेलंय की खुनी सुटूच शकत नाही, बोटाचा ठसा आधारला लावला की ५ मिनिटात नाव-पत्ता, डीएनए म्हणजे १०० टक्के पुरावा, पोस्टमार्टममध्ये मृत्यूची वेळ मिनिटासकट कळते, रिपोर्ट २४ तासात येतो, आणि तरीही तपास लांबला तर सेटिंग झाली समजा, नाहीतर सरळ नार्को करा. अर्धं खरं असलं की असं पटकन पसरतं.

आधारचं आधी घेऊ, कारण तेच सगळ्यात जास्त लोकांना खरं वाटतंय. आधार कायदा २०१६ चा, त्याच्या कलम २९ मध्ये स्पष्ट आहे की ठसे आणि बुबुळांचं स्कॅन कुठल्याही कारणासाठी कुणालाही द्यायचं नाही, म्हणजे पोलिसांनाही नाही. कायदा यायच्या आधीच यावरून कोर्टबाजी झालेली. गोव्यात वास्कोच्या एका शाळेत लहान मुलीवर अत्याचार झाला, त्या तपासात सीबीआयला आधारचा डेटा हवा होता, आणि मार्च २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते थांबवलं. पोलिसांकडे असते ती वेगळी यादी, नाफिस नावाची, २०२२ पासून देशभर जोडलेली, पण तिच्यात ठसे असतात ते आधी पोलिसांच्या हाती लागलेल्यांचे. पहिल्यांदाच गुन्हा करणारा, घरातलाच किंवा ओळखीतला माणूस त्यात सापडणार कुठून? त्याच्यावर आधी संशय यावा लागतो, मग त्याचे ठसे घेऊन जुळवायचे.

आणि ठसा जुळला म्हणजे खून सिद्ध झाला असंही नाही हो. ठशांचं जगातलं पहिलं ऑफिस १८९७ साली आपल्याकडेच, कलकत्त्याला निघालं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी वर्गीकरण बसवलं, नाव मात्र त्यांच्या वरच्या इंग्रज साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं झालं, हेन्री सिस्टिम. तर लगेच १८९८ मध्ये जलपायगुडीच्या चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला, पंचांगावर रक्ताचा ठसा मिळाला, आधी चोरीत शिक्षा झालेल्या एका जुन्या नोकराशी तो जुळला, आणि कोर्टानं त्याला शिक्षा दिली ती चोरीची! खुनातून सुटला. ठसा एवढंच सांगतो की हा माणूस इथे होता, पुढचं बाकीच्या पुराव्यानं सांगायचं.

डीएनएचं तेच. ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये इंग्लंडात लेस्टरला ही पद्धत शोधली आणि तिथल्याच जवळच्या दोन मुलींच्या खुनात ती पहिल्यांदा वापरली, तर पहिला निकाल काय आला, की कबुली देऊन बसलेला पोरगा निर्दोष! मग आसपासच्या हजारो पुरुषांची रक्तं तपासली तरी खुनी मिळेना, कारण त्यानं आपल्या जागी दुसऱ्यालाच रक्त द्यायला पाठवलेलं, आणि तो दुसरा दारूच्या गुत्त्यात बोलून गेला म्हणून खरा खुनी १९८७ मध्ये सापडला. म्हणजे मशीन आणि लोकांच्या गप्पा, दोन्ही लागलं. एकाच बीजातून झालेल्या, हुबेहूब जुळ्या भावांचा नेहमीचा डीएनए रिपोर्ट सारखाच येतो हे तर वेगळंच. आपल्याकडे गुन्हेगारांच्या डीएनएची देशभराची यादी करायचं बिल होतं, ते २०२३ मध्ये मागे घेतलं, त्यामुळे जुळवायला समोर संशयित लागतोच.

मृत्यूची वेळ मिनिटात? डॉक्टर देतात तो अंदाज, अमुक ते अमुक तासांच्या मधला. शरीर ताठरणं, अंगाखाली रक्त साकळणं, पोटातलं अन्न, हे बघून. उन्हाळ्यात सगळं भराभर होतं, थंडीत रेंगाळतं, म्हणजे मे महिन्यातल्या मालेगावचा आणि डिसेंबरातल्या निफाडचा हिशोब एक नाही. गोदावरीत मृतदेह मिळाला तर अजून किचकट, बुडून मेला की मारून टाकला हे बघायला मांडीच्या हाडातल्या मगजात डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं शोधतात आणि त्याच ठिकाणच्या पाण्याशी ताडून बघतात, कारण जिवंत माणूस पाणी ओढतो तेव्हाच ती रक्तातून आतवर पोचतात. तरी त्या टेस्टवरही तज्ज्ञांचे वाद आहेत.

आता २४ तास. दिंडोरी रोडला आपली प्रादेशिक लॅब आहे, तिथे काय एकट्या तुमच्या ओळखीतली केस नसते. व्हिसेरा, म्हणजे पोस्टमार्टममध्ये काढलेले जठर-यकृतासारख्या अवयवांचे तुकडे, मिठाच्या संपृक्त पाण्यात राखून येतो, विष कुठलं हे माहीतच नसतं, द्राक्षपट्ट्यात फवारणीची औषधं घरोघर, मग विषांचा एकेक गट तपासत जायचं. रक्ताचे कपडे आधी सावलीत वाळवून कागदात बांधावे लागतात, ओलेच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले तर बुरशी लागून डीएनए खराब होतो, आणि सील, लेबल, कुणाकडून कुणाकडे मुद्देमाल गेला याची नोंद, यातलं काही हुकलं की वकील कोर्टात तिथेच बोट ठेवतो. सेटिंग कधीच होत नाही असं मी म्हणत नाही, पण सीए रिपोर्टला, म्हणजे लॅबच्या केमिकल अ‍ॅनालिसिसच्या अहवालाला, महिने लागले एवढ्यावरून ती सिद्ध होत नाही.

नार्कोबद्दल, म्हणजे औषध देऊन गुंगीत बोलतं करायच्या टेस्टबद्दल, दोन ओळी पुरे. सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या सेल्वी निकालापासून संमतीशिवाय करता येत नाही, आणि संमतीनं केली तरी त्यातलं बोलणं पुरावा धरत नाहीत, फक्त त्यावरून पुढे एखादी वस्तू सापडली तर ती चालू शकते.

बाकी मेसेजमध्ये जे असायला हवं होतं ते नाहीच. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम १७६ मध्ये, ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे असं आलंय, राज्यांना त्यासाठी ५ वर्षांपर्यंत मुदत आहे. पण ती माणसं पोचेपर्यंत तिथे अर्धी गल्ली मोबाईल काढून फिरलेली असते, कुणी बॉडीवर चादर टाकतं, कुणी दार उघडून बघतं, बाहेर ओटा धुऊन पण होतो, आणि तेच व्हिडिओ मग या मेसेजच्या खाली येऊन पडतात.