सोडे, पापडखार आणि हाँगकाँगची सोंगटी

मेहुण्याने हाँगकाँगहून एक्सओ सॉसची एवढीशी बाटली आणली, तिथून आमच्या घराची शांतता गेली. सुके स्कॅलप, म्हणजे एका शिंपल्याचं मांस, सुकी कोळंबी, हॅम, लसूण, मिरची, सगळं तेलात मंद परतलेलं. १९८०च्या दशकात तिकडच्या हॉटेलांनी हा सॉस काढला आणि नाव दिलं महागड्या कोन्यॅक ब्रँडीचं. आत कोन्यॅक थेंबभर नाही, नुसता थाट. बाटली चार दिवसांत चाटूनपुसून संपली आणि पाचव्या दिवशी मी जाहीर केलं, की हॅम वगळून हा सॉस घरी करायचा आणि सोबत नूडल्सही घरच्याच.

"ओटा तू पुसायचास," एवढंच बायको म्हणाली.

ठाण्यात काय मिळत नाही, या भ्रमात मी बाहेर पडलो. मॉलमधल्या इंपोर्टेड दुकानातल्या मुलाने सुक्या स्कॅलपऐवजी ड्रॅगन फ्रूट पुढे केलं. नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवाल्याला विचारलं, तर तो दुखावलाच. "सुकी मच्छी? चायनीजमध्ये? साहेब, आपल्याकडे ओरिजिनल असतं." शेवटी ऑनलाइन मागवलं. तीन दिवसांनी शिंपल्याच्या आकाराची साबणदाणी आली.

नूडल्सला लागतं कानसुई, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी. त्याने पीठ चिवट होतं आणि मैदा हळद न घालता पिवळा पडतो. वाचता वाचता ट्यूब पेटली: अरे, हा तर आपल्या पापडखाराचा चुलतभाऊ! तडक जांभळी नाका गाठला. दुकानदार छत्रीतून गळणाऱ्या माझ्याकडे बघत म्हणाला, "जुलैमध्ये पापड? वाळवणार कुठे?" नूडल्स म्हटल्यावर त्याने पुडी जरा सावकाशच बांधली.

अर्धा किलो मैद्याला साधारण पाच ग्रॅम पुरतो. आमचा वजनकाटा माळ्यावर होता, म्हणून मी 'अंदाजे' घातला. नूडल्स झाल्या सुरेख पिवळ्याधमक, आणि पहिल्या घासालाच तोंडात कपडे धुतल्यासारखं वाटलं. लेक म्हणाला, "बाबा, साबणदाणी वाया नाही गेली." आईने मात्र पदराआड हसत दोन घास खाल्ले. पापडाच्या लाट्या चोरून खाऊन वाढलेली पिढी ती.

तेवढ्यात मेहुण्याच्या ऑफिसातल्या कुणाबरोबर स्कॅलप आले. हाँगकाँगच्या शंग वान भागात सुक्या मासळीच्या दुकानांचा आख्खा रस्ता आहे म्हणे. तिथून आलेले मोजून नऊ नग, जुन्या पिवळट कॅरमच्या सोंगट्यांसारखे. वास मात्र असा, की लिफ्टमधले शेजारी दुसऱ्याच मजल्यावर उतरले.

आता राहिली सुकी कोळंबी. चिनी लोक ती उकडून वाळवतात, आपण कच्चीच सोलून उन्हात टाकतो, पण म्हणायचं झालं तर सोडेच की! नमुन्याला एक सोंगटी खिशात टाकून चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशींकडे गेलो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे टोपलीत सगळा सुकाच माल: बोंबील, जवळा, आणि एका कोपऱ्यात फडक्याखाली झाकलेले लालसर सोडे. मावशींनी भाव सांगितला, मी रीतसर छातीवर हात ठेवला. घासाघीस करून जरा खाली आणल्यावर, माझी अक्कल बघा, मी खिशातून स्कॅलप काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"यो काय हाय?"

"शिंपल्याचं मांस, मावशी. चीनचं. सुकवलेलं."

त्यांनी तो नाकाशी धरला, नखाने एक धागा सोलला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. "म्हावरा चांगला हाय. कवऱ्याला?"

मी खरा आकडा सांगितला.

मावशींनी सोंगटी परत दिली, सोड्यांवरचं फडकं पुन्हा ओढून घेतलं आणि पहिल्यापेक्षा दोनशे रुपये चढा भाव सांगितला.