पाकिटाची मागची बाजू वाचू नये

परदेशातून आलेला खाऊ कुत्र्याला घालायचा ठरवलात, फार उत्तम केलंत. आता हे प्रेम शेवटपर्यंत निभवायचं असेल तर एकच पथ्य सांभाळा. पाकीट उलटं करू नका. तुमच्यासाठी जे काही आहे ते सगळं पुढच्याच बाजूला आहे. सोनेरी केसांचा, नुकताच दात घासून आल्यासारखा हसणारा कुत्रा, मागे हिरवीगार टेकडी आणि कोपऱ्यात गोल शिक्क्यात ‘शंभर टक्के नैसर्गिक’. वाळवलेल्या चिकनच्या पट्ट्या झाडाला लागत नाहीत हे तुम्हालाही कळतं, पण टेकडी इतकी छान असताना कशाला शंका काढायच्या?

मागच्या बाजूला काय असतं, हे विचारूच नका. मुंगीच्या पायांएवढी अक्षरं असतात. कंपनीचा पत्ता एका देशातला, माल तयार झाला दुसऱ्या देशात, पाकिटात भरला तिसऱ्याच ठिकाणी, आणि कोंबडी कुठे वाढली ते त्या कोंबडीलाच ठाऊक. या बाबतीत सरकारंही तुमच्या झोपेची काळजी घेतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ग्राहकांना स्पष्टच सांगून ठेवलंय की प्रत्येक घटक कुठल्या देशातून आला हे उत्पादकाने पाकिटावर छापायची सक्ती नाही. म्हणजे ज्या देशाचा झेंडा पाकिटावर फडकतोय त्या देशात फक्त झेंडाच छापला गेला असण्याचीही शक्यता आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, पण सोनुबाईला हाक मारताना वाळ्याकडे बघायचं नसतं.

तरीही कुणी चौकस नातेवाईक पाकीट उलटं करायला निघालाच, तर त्याची नजर ताबडतोब प्रथिनांच्या आकड्याकडे वळवा. आकडा मोठा असतो आणि मोठ्या आकड्यापुढे भले भले गप्प बसतात. तो आकडा येतो कसा, हे मात्र सांगू नका. प्रथिनं मोजायची जी जुनी आणि स्वस्त पद्धत आहे, ती प्रथिनं मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधते. प्लॅस्टिकच्या ताटल्या बनवायला वापरतात त्या मेलामाइनमध्ये वजनाने सुमारे दोन तृतीयांश नायट्रोजनच असतो. आता पुढचं गणित तुम्हाला सुचलं नसेल, पण व्यापाऱ्यांना सुचलं. चीनहून ‘गव्हाचं ग्लूटेन’, म्हणजे गव्हातलं प्रथिन, म्हणून जो माल अमेरिकेत गेला, तो तपासल्यावर साधं गव्हाचं पीठ आणि मेलामाइन निघाला. प्रयोगशाळेच्या कागदावर प्रथिनं भरपूर. कुत्र्या-मांजरांच्या पोटात गेल्यावर मेलामाइन आणि त्याच्या सोबतीने आलेलं सायन्युरिक आम्ल यांचे स्फटिक मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत जमले आणि नळ्या तुंबल्या. मार्च २००७ मध्ये मेन्यू फूड्स या कॅनडाच्या कंपनीने सुमारे ६ कोटी डबे आणि पाकिटं परत मागवली. त्यात स्वस्तातले ब्रँड होते तसेच ‘माझ्या बाळाला फक्त हेच चालतं’ या जातीचे महागडे ब्रँडही होते, कारण दोन्ही एकाच कारखान्यात तयार व्हायचे. किमतीतला फरक टेकडीच्या चित्राचा असावा.

या प्रकारातून जगाने धडा घेतला, असं म्हणायची पद्धत आहे. जगाने घेतलेला धडा असा, की पुढच्याच वर्षी चीनमध्ये हीच युक्ती लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीत सापडली. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सरकारी आकड्यानुसार सहा दगावली. कुत्री-मांजरं त्याआधी वर्षभर ओरडून सांगत होती, पण त्यांची भाषा कुणाला येते?

तुम्ही म्हणाल, तो तर रोजच्या जेवणाचा प्रश्न होता, आम्ही देतो ती ट्रीट, म्हणजे अधूनमधूनचा खाऊ. अगदी बरोबर. ट्रीटची गोष्ट वेगळी आहे आणि तुमच्या दृष्टीने कितीतरी सोयीची, कारण तिच्यात गुन्हेगार सापडलाच नाही. २००७ पासून एफडीएकडे तक्रारी येऊ लागल्या. चिकनच्या वाळवलेल्या पट्ट्या, म्हणजे जर्की, बदकाच्या पट्ट्या, रताळ्याच्या चकत्या असं काही खाल्ल्यावर कुत्री आजारी पडत होती आणि त्यातला बराचसा माल चीनहून आलेला होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये एफडीएने आकडे जाहीर केले तेव्हा ३,६०० च्या वर कुत्री आणि १० मांजरं आजारी आणि सुमारे ५८० मेलेली. २०१५ च्या अखेरीस तक्रारींमधल्या कुत्र्यांची संख्या ६,२०० च्या घरात आणि मृतांची ११४० च्या वर गेली. आजारी पडलेल्यांत तीन माणसंही होती. त्यांतली दोन रांगत्या वयाची, कारण त्या वयात कुत्र्याचा खाऊ आणि आपला खाऊ असा दुजाभाव नसतो.

मग तपास झाला. साल्मोनेलाचे जंतू तपासून झाले, जड धातू झाले, कीटकनाशकं झाली, बुरशीची विषं झाली, प्रतिजैविकं झाली. सगळ्या आजारांचं एकच असं पक्कं कारण हाती लागलं नाही. हे वाक्य सोन्याच्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा. ‘कारण सापडलं नाही’ आणि ‘कारणच नाही’ यांच्यात जे दोन-तीन शब्दांचं अंतर आहे, त्यात आख्खा धंदा आरामात राहतो. हजारभर कुत्री मेली तर तो योगायोग असू शकतो. कुत्री मरतच असतात. एखादा पदार्थ दुकानात येण्याआधी त्याने आपलं निरपराधित्व सिद्ध करावं, अशी अपेक्षा करणारे लोक स्वभावतःच संशयी असतात. सध्याची व्यवस्था किती सुटसुटीत आहे बघा. प्रयोगशाळा तुमच्या घरी, चार पायांवर फिरती, वीज-पाण्याचा खर्च नाही, शेपूटही हलवते आणि निकाल गालिच्यावर देते.

एफडीएची माणसं २०१२ मध्ये चीनमधल्या कारखान्यांतही जाऊन आली. एका कारखान्यात ग्लिसरिनच्या आवकीचे कागदच खोटे निघाले. हे ग्लिसरिन पट्ट्या मऊ आणि ओलसर राहाव्यात म्हणून घालतात. आता तुम्ही सांगा, जिथे कागद इतक्या मेहनतीने तयार केले जातात तिथे मालाकडे दुर्लक्ष होईल का? आणि जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या कृषी खात्याने चिकन जर्कीत प्रतिजैविकांचे अंश शोधून काढले, त्यातली काही अमेरिकेत कोंबड्यांना द्यायची परवानगीच नव्हती. ‘वॅगिन ट्रेन’, ‘मायलोज किचन’ यांसारखी नामांकित पाकिटं कंपन्यांनी आपण होऊन मागे घेतली. इतक्या थोड्या प्रतिजैविकांमुळे आजार झाला असण्याची शक्यता कमीच, असं एफडीएचंच मत पडलं. तुम्ही तर याच्याकडे मोफत औषधोपचार म्हणून बघा. गंमत पुढे आहे. पाकिटं दुकानांतून गेली आणि तक्रारींचा ओघ एकदम ओसरला. पाकिटं नाहीत तर तक्रारी नाहीत, यात काही संबंध असावा असं अनेकांना वाटलं. तुम्हाला वाटू देऊ नका. पेटको आणि पेटस्मार्ट या अमेरिकेतल्या दोन बड्या दुकानसाखळ्यांनी २०१४ मध्ये चिनी ट्रीट्स विकणं बंद करण्याची घोषणा केली. त्यांनाही उगाच वाटलं असणार.

इथे येऊन काही हुशार वाचक छाती फुगवतात. ‘आम्ही चीनचं घेतच नाही.’ वा! म्हणजे एक देश टाळला की बाकीचे सगळे आजोळ. २०१९ मध्ये अमेरिकेत ३४ राज्यांतल्या १५४ माणसांना साल्मोनेलाची लागण झाली आणि धागा डुकराच्या वाळवलेल्या कानांपर्यंत पोचला. अर्जेंटिना, ब्राझील आणि कोलंबियातून आयात झालेले कान. कुत्र्याला साल्मोनेला झाला तरी तो बऱ्याचदा आजारी दिसत नाही. तो कान चघळतो, तुमच्या उशीवर येऊन बसतो, तुमचं तोंड चाटतो आणि आपल्या वाट्याचा प्रसाद घरात सगळ्यांना वाटतो. म्हणून ट्रीट दिल्यावर हात धुऊ नयेत, भांडं वेगळं ठेवू नये आणि लहान मुलांना आवर्जून त्याच्या ताटलीपाशी खेळायला सोडावं.

त्याआधी २०१७ मध्ये कातड्याच्या च्यूंची, म्हणजे चघळायच्या तुकड्यांची, पाळी आली होती. मेक्सिको, कोलंबिया आणि ब्राझीलमधल्या काही ठिकाणी कातडं प्रक्रिया करताना चक्क जंतुनाशक वापरलं जात होतं, जे खाद्यपदार्थ बनवण्याची यंत्रं पुसायला चालतं, चघळायच्या वस्तूला चालत नाही. ग्राहकांची पहिली तक्रार काय होती, तर वास. वास येतो म्हणजे स्वच्छ आहे, एवढंही लोकांना कळू नये?

स्वच्छतेचाच विषय निघाला आहे तर ऑस्ट्रेलियातल्या मांजरांना विसरून चालणार नाही. २००८ च्या सुमारास तिथे कितीतरी मांजरांचे मागचे पाय लुळे पडू लागले. चालताना तोल जायचा, पुढे पुढे मागचं अर्धं शरीर फरफटत न्यायचं. सगळ्यांच्या ताटलीत एकच गोष्ट निघाली, कॅनडाहून आलेलं नामवंत कोरडं खाणं. कॅनडात तेच खाणं खाऊन मांजरं उड्या मारत होती. फरक इतकाच होता, की ऑस्ट्रेलियाच्या आयातीच्या नियमांप्रमाणे त्या मालावर जंतू मारण्यासाठी गॅमा किरणांचा जबरदस्त मारा केला जायचा. जंतू मेले, आणि खाण्यात असं काहीतरी बिघडलं की मांजरांच्या मज्जारज्जूला इजा झाली. तेच खाणं खाणाऱ्या कुत्र्यांना काही झालं नाही. २००९ मध्ये मांजरांच्या खाण्यावर असा मारा करणं ऑस्ट्रेलियाने बंद केलं. तेव्हा सीमेवर कुणी काही तपासत नाही, असा आरोप करणाऱ्यांना हे उदाहरण तोंडावर फेकून मारा. तपासतात, आणि त्यानेही मांजर लंगडतं.

किती द्यायची, याबाबत पाकिटावर एक तक्ता असतो. वजन इतकं तर पट्ट्या इतक्या. तो तक्ता कुत्र्याला वाचता येत नाही, म्हणून त्याच्या डोळ्यांत बघून ठरवा. व्हेट, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, सांगतात की दिवसभरातल्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त भाग ट्रीटचा नसावा. एफडीए तर त्याही पुढे जाऊन म्हणते की समतोल आहार मिळत असेल तर ट्रीटची गरजच नाही. ही माणसं कुत्रा पाळत नसावीत. बसला की एक, उठला की एक, ऑनलाइन मीटिंगमध्ये भुंकला की गप्प करायला दोन, आपण त्याला एकटं टाकून दिवसभर बाहेर होतो म्हणून मूठभर. छोट्या चणीच्या कुत्र्याला हा हिशेब जास्तच मानवतो, कारण पट्टी तेवढीच आणि कुत्रा निम्मा. घरी चिकन उकडून त्याचे तुकडे देणारे लोकही असतात. पण उकडलेल्या चिकनचा फोटो काढून मित्रमंडळींना पाठवता येत नाही, आणि त्याच्या घटकांची यादी एका शब्दात संपते.

एवढं सगळं नीट पाळलंत तर एखाद्या दिवशी कुत्रा मलूल होईल. खाणं सोडेल, उलटी करेल, जुलाब होतील, क्वचित त्यात रक्त दिसेल. त्याहून मजेदार लक्षण म्हणजे तो पाण्याचं भांडं पुन्हा पुन्हा रिकामं करेल आणि सारखा बाहेर नेण्याचा हट्ट धरेल. ‘उन्हाळा आहे,’ म्हणा. उन्हाळा नसेल तर ‘हवा बदलली,’ म्हणा. ट्रीट चालूच ठेवा, बिचाऱ्याला बरं नाही म्हणून दोन जास्तच द्या. डॉक्टरकडे न्यावंच लागलं तर लघवी तपासू देऊ नका. तिच्यात साखर निघते. मग ते रक्तातली साखर बघतात आणि ती निघते व्यवस्थित. मधुमेह नाही आणि तरीही लघवीत साखर, याला फॅन्कोनी सिंड्रोम म्हणतात. मूत्रपिंडाने जे परत शोषून घ्यायचं ते ते सोडून देतं. हा विकार मुख्यतः बसेंजी जातीच्या कुत्र्यांत वंशपरंपरेने येतो, म्हणून बसेंजीचं एक नखही अंगात नसलेली कुत्री तो घेऊन यायला लागली तेव्हा व्हेट मंडळींच्या भुवया उंचावल्या. वेळेत कळलं आणि ट्रीट थांबवली तर बरीच कुत्री सावरतात. पण वेळेत कळायला लघवी वेळेत तपासावी लागते, आणि सकाळी सकाळी वाटी घेऊन कुत्र्याच्या मागे वाकून धावणं तुमच्यासारख्या माणसाला शोभत नाही.

डॉक्टर विचारतीलच, नवीन काय खायला घातलं? ‘काही नाही, नेहमीचंच.’ ट्रीट हे खाणं थोडंच असतं! ते पाकीट मागतील. त्यावरच्या लॉट नंबराशिवाय तक्रार कुठल्या मालाबद्दल करायची हे कुणालाच सांगता येत नाही, आणि उरलेल्या पट्ट्या असल्या तर त्या तपासता येतात. म्हणून पट्ट्या आणल्या आणल्या काचेच्या सुंदर बरणीत ओता, तीनचार पाकिटांचं मिश्रण झालं तर उत्तमच, आणि पाकिटं त्याच दिवशी कचऱ्यात. डॉक्टरांनी पुन्हा खोदून विचारलं, कंपनी कोणती, कुठे बनलेलं, तारीख काय होती, तर मान ताठ ठेवून सांगा, ‘ते काही आठवत नाही डॉक्टर, पण इम्पोर्टेड होतं.’