सापशिडीतलं एकोणतीस

सापशिडी खेळताना मुलं तोंडानं काय मोजतात, ते कधी कान देऊन ऐकलंय का? सोंगटी चोवीसवर आहे. फाशावर पाच पडले. मूल सोंगटी उचलतं आणि प्रत्येक घरावर टेकवत म्हणतं, "एक, दोन, तीन, चार, पाच." झालं, पोचलं. आता त्याला विचारा, कुठं पोचलास? ते बोटानं घर दाखवतं. नाव सांगता येत नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. नोकरीची पहिली सात-आठ वर्षं मी वर्गात सापशिडी, पत्ते, फासे भरपूर वापरले. आपण खेळातून शिकवतोय याचं समाधान होतं. मुलं खूश, मीही खूश. पण जूनमध्ये ज्याला पन्नासच्या पुढचे आकडे वाचता येत नव्हते, त्याला दिवाळीच्या सुट्टीपर्यंतही ते येत नव्हते. इतके दिवस शंभर घरांच्या पटावर सोंगटी फिरवूनसुद्धा! मला वाटायचं, मूलच कच्चं आहे. पण त्या मुलांनी अख्ख्या खेळात सहाच्या पुढं कधी मोजलंच नव्हतं. एक ते सहा, पुन्हा एक ते सहा. पटावरचे शंभर आकडे त्यांच्यासाठी नक्षीसारखे होते. हा दोष त्यांचा नव्हता, मी शिकवलेल्या खेळाचा होता.

डोळे उघडले ते एका अभ्यासाबद्दल वाचून. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २००८ साली तो प्रसिद्ध केला. गरीब घरांतली, शाळापूर्व वयाची मुलं. एका गटाला एक ते दहा आकडे ओळीनं लिहिलेला साधा पट दिला, दुसऱ्या गटाला तसाच पट, पण आकड्यांऐवजी रंग असलेला. दोन आठवड्यांत चार वेळा, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं खेळले. आकड्यांच्या पटावर खेळलेली मुलं संख्या ओळखण्यात आणि लहान-मोठी ठरवण्यात पुढं गेली, रंगांच्या पटावरची गेली नाहीत. पुढं २०१४ मध्ये एलिडा लास्की आणि सिगलर यांनी शंभरपर्यंतच्या पटावर आणखी एक गोष्ट तपासली. सोंगटी सरकवताना मूल 'एक, दोन, तीन' म्हणतं, की ज्या घरावर पाऊल पडतं त्या घराचं नाव घेतं? फायदा झाला तो घरांची नावं घेणाऱ्यांचा. पट तोच, फरक फक्त तोंडातल्या शब्दांचा.

दुसऱ्याच दिवशी वर्गात नियम केला. घराचं नाव घेतल्याशिवाय सोंगटी हलणार नाही. येत नसेल तर शेजाऱ्यानं सांगायचं, पण खेळणाऱ्यानं ते आपल्या तोंडानं म्हणायचंच. चोवीसवर पाच पडले तर "पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस." पहिले चार दिवस खेळ फार रेंगाळला. मुलं वैतागली. "बाई, पहिल्यावानी खेळू द्या ना." मी हट्ट सोडला नाही.

मराठी आकड्यांची नावं लहान मुलाला किती अवघड जातात, हे पहिली-दुसरीच्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. आपण त्रेसष्ट म्हणतो तेव्हा कानावर आधी तीन येतो, साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी. मूल ऐकल्या क्रमानं लिहितं आणि छत्तीस होऊन बसतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं? गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण शांतपणे समजावलं होतं, पण चेष्टेच्या पुरात ते कुणी ऐकलं नाही. जुनी नावं पुसायला कुणीच निघालं नव्हतं. मी आजही वर्गात दोन्ही म्हणते, 'त्रेसष्ट, साठ तीन'. माझ्या मुलांना त्यानं आधार मिळतो, हे माझ्या डोळ्यांदेखत घडतंय.

आणि पटावर ही चूक आपोआप पकडली जाते. त्रेसष्टवर जायचं असताना सोंगटी छत्तीसवर ठेवली, तर ते पोर सत्तावीस घरं मागं जातं. कुठलं पोर हे सहन करेल? वहीत लाल शाईनं केलेली खूण ते बघतही नाही. इथं मात्र स्वतःच डोकं लावतं, नाहीतर समोरचा गडी ओरडतो.

मग तो एकोणतीसचा दिवस आला. दुसरीतला एक मुलगा, वर्गात सहसा न बोलणारा, एकोणतीसवर उभा होता. पुढच्या घरावर शिडी होती, म्हणजे त्याला एकच हवा होता. फासा हातात घोळवत तो स्वतःशीच पुटपुटला आणि एकदम माझ्याकडं वळला. "बाई, एकोणतीस म्हंजी तीसला एक कमी! म्हणून तर एकोण!" त्यानं लगेच पटावर एकोणचाळीस शोधलं, मग एकोणपन्नास, मग एकोणसाठ. प्रत्येक वेळी पुढच्या घरावर बोट ठेवून बघत होता. वर्षानुवर्षं मी हे शब्द पाठ करून घेतले होते. त्यांच्या पोटात वजाबाकी आहे हे मी मुलांना कधी दाखवलंच नव्हतं. त्याला ते दिसलं, कारण एका घरासाठी त्याचा जीव अडकला होता.

बाजारात मिळणाऱ्या सापशिडीत आणखी एक अडचण आहे. तिच्या ओळी नागमोडी जातात. पहिली डावीकडून उजवीकडं, दुसरी उजवीकडून डावीकडं. त्यामुळं एकच्या डोक्यावर वीस येतो आणि दोनच्या डोक्यावर एकोणीस. सगळ्या ओळी डावीकडूनच सुरू केल्या तर दोनच्या डोक्यावर बारा, त्याच्यावर बावीस. दहा मिळवायचे म्हणजे एक घर वर चढायचं, हे मुलाला न सांगता कळतं. म्हणून आम्ही शाळेच्या व्हरांड्यात ऑइलपेंटनं स्वतःचा पट रंगवला. सोंगट्यांच्या जागी मुलंच उभी राहतात. खर्च आला तो रंगाच्या एका डब्याचा आणि ब्रशचा.

एवढं सगळं सांगितल्यावर कुणी म्हणेल, मग खेळच खेळू, वह्या-पाट्या गुंडाळून ठेवू. माझं म्हणणं तसं अजिबात नाही. दिल्लीत 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या २१४ बालवाड्यांमध्ये १५४० मुलांबरोबर गणिती खेळांचा मोठा प्रयोग झाला होता, अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की त्या संशोधकांत होत्या. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कमी-जास्त अंदाजानं ओळखण्याची, आकार पारखण्याची मुलांची समज खेळांनी वाढली आणि वर्ष उलटून गेल्यावरही टिकली. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात त्याचा लाभ दिसला नाही. खेळ एका काठावर राहिला आणि पुस्तक दुसऱ्या काठावर. मधला पूल आपोआप उभा राहत नाही, तो शिक्षकालाच बांधावा लागतो.

म्हणून आमच्याकडं एका पटावर तीन खेळतात आणि चौथा हिशेबनीस असतो. तो पाटी घेऊन बसतो. चोवीसवर पाच पडले की लिहितो, २४ + ५ = २९. सापानं सत्तावीसवरून नऊवर उतरवलं की २७ − ९ = १८, अठरा घरं घसरलास. डाव संपला की हिशेबनीस बदलतो. आता मुलं हिशेबनीस व्हायला भांडतात, कारण घर चुकलं तर निकाल त्याचा असतो. चारांपेक्षा जास्त मुलं एका पटावर मी कधीच बसवत नाही. दहा मुलांच्या गोलात एकेकाला तासाभरात तीन-चार वेळा फासा मिळतो, बाकी वेळ ती नुसती बघत बसतात.

चिंचोके आमच्याकडं पोत्यानं मिळतात. दोन चिंचोके फोडून चार अर्धे केले की पट खेळायला फासे तयार. जितके पांढऱ्या बाजूनं पडतील तितकी घरं. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि दोन्हींना पुन्हा टाकायला मिळतं. पाच, सहा, सात थेट पडतच नाहीत. मग सात घरं जायचं असेल तर? चार आणि तीन. अकरा हवे असतील तर आठ आणि तीन. आजीबरोबर ओसरीवर हा खेळ खेळलेली मुलं संख्या अशी फोडून दाखवतात की बघत राहावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढं कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर शंख-शिंपले, बिया, खडे यांच्यावर बालशिक्षण उभं केलं. महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून त्यांनी मुलांना थांबवून ठेवलं नाही. इतकी मोठी परंपरा घरात असताना आपण साहित्य नाही म्हणून हात बांधून बसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मोबाईलवरच्या खेळांबद्दलही स्पष्ट बोलते. गणित सोडवा, मग फुगा फोडायला मिळेल, अशी त्यांतल्या बऱ्याच खेळांची रचना असते. तिथं गणित म्हणजे टोलनाका. मुलाला फुगा हवा असतो, गणित तो कसंतरी पार करतो. वर घड्याळ पळत असतं. आमच्या टॅबवर तसा एक खेळ महिनाभर चालवून पाहिला. रोज तीच दोन मुलं जिंकली आणि बाकीच्यांनी आठवड्यातच टॅब मागणं सोडलं. फाशाच्या खेळात नशीब सगळ्यांना सारखं असतं. ज्याला वर्गात कधीच पहिलं येता आलं नाही, तो इथं शंभरवर पहिला पोचतो.

आता मनातली सल. एकदा तपासणीला आलेले एक साहेब दारातूनच म्हणाले, "मॅडम, खेळ शनिवारी घ्या, आज शिकवा." पालकही म्हणतात, "बाई, लेकरं घरी खेळतेतच की, साळंत तरी शिकवा." पालकांवर माझा राग नाही, त्यांना मी व्हरांड्यातल्या पटावर उभं करते आणि मुलाला घरांची नावं म्हणायला लावते. पण व्यवस्थेचं काय? २०२० चं शैक्षणिक धोरण खेळातून शिकण्याबद्दल बोलतं, २०२३ मध्ये केंद्रानं खेळसाहित्याचा 'जादुई पिटारा' आणला, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि गणित यावं हे केंद्राच्या 'निपुण भारत' मोहिमेचं ध्येय आहे. कागदावर सगळं आहे. आणि तरी खेळाला आपण 'आनंददायी शनिवार' या शालेय उपक्रमाच्या कोपऱ्यात बसवतो. शनिवार आनंदात जावा, जरूर जावा. पण मंगळवारी सकाळी अकराच्या गणिताच्या तासाला माझी मुलं फासा टाकत असतील, तर तो माझा तासच आहे. माझ्या पाठाच्या टाचणात तसं लिहिलेलं असतं.

आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. काही मुलं गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापाबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत. गेल्या वर्षी दुसरीतली एक मुलगी टोळीबरोबर गेली. जाताना तिनं चार चिंचोके आणि फासा मागून नेला. गुढीपाडव्याच्या सुमारास परत आली. मी धसका घेऊनच तिला पटाजवळ बोलावलं, कारण चार महिन्यांत मुलं किती विसरतात हे मी दरवर्षी बघते. ती झरझर घरांची नावं घेत गेली. एकोणसाठ, साठ, आणि तिथं थांबली. आई म्हणाली, "कोपीम्होरं कोळशानं घरं काढून धाकट्याला घेऊन खेळायची, रोज." मी विचारलं, साठपर्यंतच का गं? "तिथं पुढं चूल होती, बाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही एकसष्टपासून सुरू केलं.