गळकं छत आणि 9,360 रुपये

घर पाहावे बांधून, असं जुनी माणसं म्हणायची. तुम्ही शहाणे आहात, तुम्ही बांधू नका. हप्ते थकले म्हणून बँकेने जप्त केलेलं कुणाचं तरी घर लिलावात घ्या. त्यासाठी मराठी पेपरातली बारीक अक्षरांची ती पानं वाचायची सवय लावा, जी आजवर आपण फक्त भेळेखाली वाचली. थकलेली कर्जं वसूल करण्यासाठीच्या 2002 च्या सरफेसी कायद्यानुसार अशा लिलावाची जाहीर नोटीस दोन पेपरांत द्यावी लागते, त्यातला एक स्थानिक भाषेतला. मराठीची एवढी काळजी दुसरं कोण घेतं सांगा.

नोटिशीत 'जे आहे जेथे आहे', 'जे आहे जसे आहे' आणि 'जे काही आहे तेथे आहे' असं लिहिलेलं असेल. हे उपनिषद नाही. गळकं छत, उपटून नेलेले नळ आणि सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स आता तुमचा, एवढाच त्याचा अर्थ. 'सांकेतिक ताबा' हा शब्द दिसला तर आणखी मजा. म्हणजे बँकेने दारावर कागद चिकटवलाय आणि आत जुना मालक चहा पितोय. त्याला बाहेर काढण्यासाठी बँक दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करील, तारखा पडतील. तुम्हाला मात्र बोली लागली की फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत 25 टक्के रक्कम भरायचीय. पैशाला सांकेतिक भरणा चालत नाही.

यथावकाश किल्ली मिळेल. मग गवंडी येईल, छताकडे बघून मान हलवील आणि आकडा सांगेल. खचू नका, सरकार पाठीशी आहे. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी आयकरात वर्षाला 30,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते. खर्चावर नव्हे हं, दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर! गाठीला पैसे होते म्हणून रोख देऊन वॉटरप्रूफिंग केलंत? मग तुम्ही बेजबाबदार नागरिक आहात. कर्जापायी जे घर आधीच्या मालकाच्या हातून गेलं, त्याच घरावर पुन्हा कर्ज चढवाल तेव्हाच सरकार पाठ थोपटेल.

आता हिशोब करा. 10 टक्के दराने 3 लाख काढलेत, तर पहिल्या वर्षी बँकेला 30,000 च्या आसपास व्याज द्याल. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासकट कर वाचेल 9,360 रुपये. तीस हजार घालवून नऊ हजार मिळवायचे, याला आमच्याकडे कर नियोजन म्हणतात आणि सांगणारा सीए त्याची वेगळी फी घेतो. घर घेतानाच मोठं कर्ज काढलं असेल आणि त्याच्या व्याजानेच राहत्या घराच्या व्याजावरच्या वजावटीची 2 लाखांची मर्यादा भरली असेल, तर हे 9,360 सुद्धा विसरा. दुरुस्तीचे 30,000 त्या 2 लाखांच्या पोटातच मोजले जातात. 2014 साली खरेदीच्या व्याजाची मर्यादा दीड लाखावरून 2 लाखांवर गेली. दुरुस्तीचा आकडा मात्र हलला नाही. दिल्लीत बहुधा सिमेंट अजून जुन्या भावाने मिळत असावं.

शिवाय हे सगळं आयकराच्या जुन्या, वजावटींवाल्या करप्रणालीत. 2023-24 पासून नवी प्रणाली आपोआप लागते आणि तिच्यात राहत्या घराच्या व्याजाला काहीच मिळत नाही. रिटर्न भरताना जुनी निवडायची राहिली, की छत गळकं ते गळकंच आणि वजावटही गेली.

म्हणून माझं ऐका. त्या घरात राहूच नका, भाड्याने द्या. महापालिकेचा कर वजा जाता जे भाडं उरतं, त्यातले 30 टक्के सरकार थेट सोडून देतं, नव्या प्रणालीतही. पावती नको, बिल नको. एक खिळासुद्धा ठोकला नाहीत तरी 30 टक्के! आणि भाडेकरूने मुलाच्या पलंगावर पाणी टपकतंय असा फोन केला, तर त्याला शांतपणे सांगा की जे आहे, जसे आहे.