एका शब्दासाठी अडलेले दोन रविवार

डॉ. आंबेडकरांवर आणि एकूणच भारतीय राजकीय विचारावर गेल्या दहा वर्षांत इंग्रजीत जे गंभीर ग्रंथ आले, त्यांची दखल मराठीत पुरेशी घेतली जात नाही, अशी तक्रार मी व्याख्यानांतून आणि चहाच्या टेबलावर अनेकदा केली आहे. स्वतः मात्र एक ओळ लिहिलेली नाही. राज्यशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक असल्याने वेळ नाही ही सबबही मला उरलेली नाही, म्हणून आज लिहितो.

निमित्त आमच्या वाचन मंडळाचे आहे. आम्ही सहा जण दर रविवारी सकाळी एकत्र जमतो आणि वर्गणी काढून घेतलेली ग्रंथाची एकच प्रत सहा घरांत फिरत राहते. सध्या स्कॉट स्ट्राउड यांचा 'द इव्होल्यूशन ऑफ प्रॅग्मॅटिझम इन इंडिया' हा २०२३ साली शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने काढलेला ग्रंथ चालू आहे. कोलंबिया विद्यापीठात अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसलेल्या तरुण आंबेडकरांनी आपल्या गुरूकडून नेमके काय घेतले, काय बदलले आणि काय नाकारले, हा त्याचा विषय आहे. ड्यूईंचा प्रभाव आजवर आपल्याकडे एका वाक्यात सांगून संपवला जात असे. स्ट्राउड तो वर्गातील अभ्यासक्रमापासून आंबेडकरांच्या संग्रहातील ड्यूईंच्या पुस्तकांवर केलेल्या खुणांपर्यंत माग काढत तपासतात. कोणत्या ओळीखाली रेघ आहे आणि तीच ओळ वीस वर्षांनी कोणत्या भाषणात कशी बदलून येते, हे पाहताना एखाद्या विचारवंताच्या अभ्यासिकेत हळूच डोकावल्यासारखे वाटते.

तर या वाचनात आम्ही अडलो ते 'एंडॉस्मॉसिस', म्हणजे पेशीच्या पडद्यातून पाणी आत शिरणे, या एका शब्दापाशी. 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' या १९१६ च्या ग्रंथात ड्यूई म्हणतात की, समाजाची एक सत्ताधारी आणि एक अंकित अशी फाळणी झाली की सामाजिक एंडॉस्मॉसिस थांबते. आंबेडकरांनी हा शब्द उचलला, १९१९ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढील निवेदनात वापरला आणि १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पुन्हा वापरला. इंग्रजी वाचक तो जीवशास्त्रातील रूपक म्हणून ओलांडून पुढे जातो. आम्हाला मात्र त्याच्यासाठी मराठी शब्द हवा होता, कारण मंडळाचा नियम आहे की प्रत्येक प्रकरणाचा गोषवारा मराठीतच लिहायचा.

मी सहज 'झिरपणे' असे सुचवले आणि सगळ्यांनी मान डोलावली. अर्ध्या तासाने आमच्यातील एका बाईंनी, ज्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असत, हरकत घेतली. त्या म्हणाल्या, "सर, झिरपणं नेहमी वरून खाली असतं. मनुका पाण्यात टाकल्यावर फुगते, तिथे पाणी पडद्यातून आत जातं, वरून खाली येत नाही. पाठ्यपुस्तकात त्याला अंतःपरासरण म्हणतात." शब्द जड आहे आणि व्याख्यानात कोणी उच्चारला तर पहिल्या रांगेतील मंडळी घड्याळाकडे पाहतील, हे खरे, पण बाईंची हरकत वरवर दिसते त्यापेक्षा फार खोल होती. 'झिरपणे' हा शब्द आपल्या राजकीय इतिहासात निरपराध नाही. वरच्या वर्गाला शिकवा म्हणजे शिक्षण आपोआप खालपर्यंत झिरपेल, हे एकोणिसाव्या शतकातील सरकारी धोरण होते आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी नेमक्या त्याच धोरणावर प्रहार केला होता. म्हणजे मी आंबेडकरांच्या एका मूलभूत संकल्पनेला, त्यांनी ज्यांना गुरू मानले त्या फुल्यांनी नाकारलेल्या धोरणाचा शब्द चिकटवत होतो. तीस वर्षे दोघांचेही विचार शिकवल्यानंतर माझ्या हातून हे व्हावे, याची मला त्या सकाळी खरोखर लाज वाटली.

दुसऱ्या रविवारी कोणीतरी 'मुरणे' सुचवले. लोणचे मुरते तेव्हा फोड आणि खार दोन्ही बदलतात, कोणी वर नसते, कोणी खाली नसते. मला हा शब्द आवडला, पण 'मुरलेला राजकारणी' म्हणताना आपण ज्या अर्थाने हसतो तो अर्थ कसा झटकायचा, हे कोणाला सुचेना.

या वादातच एकाने आंबेडकरांच्या 'मूकनायक'चा पहिला अंक काढला आणि माझ्या दृष्टीने सगळ्या चर्चेचे पारडे फिरले. ३१ जानेवारी १९२० च्या त्या अग्रलेखात हिंदू समाज हा अनेक मजल्यांचा मनोरा असून एकेक जात म्हणजे एकेक मजला आहे, मात्र या मनोऱ्याला शिडीच नाही, म्हणून जो ज्या मजल्यावर जन्मला त्याने तिथेच मरायचे, असे ते प्रसिद्ध वर्णन आहे. आपण ते शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे इंग्रजीत आंबेडकर एंडॉस्मॉसिस म्हणतात आणि बरोबर वर्षभराने मराठी वाचकापुढे शिडी नसलेला मनोरा उभा करतात. विचार तोच आहे; माणसामाणसांत देवाणघेवाण नाही, म्हणून हा समाज समाज नाही. मात्र रूपक बदलताना विचारही बदलला आहे. पेशीच्या पडद्याला वर-खाली नसते, मनोऱ्याला असते. ड्यूईंच्या रूपकात श्रेणीची पायरीपायरीने चढत जाणारी विषमता मावत नव्हती, ती मराठी रूपकात मावली. आंबेडकरांनी ड्यूईंमध्ये काय बदल केला, याचा एक उत्तम पुरावा अशा रीतीने त्यांच्या मराठी गद्यात पडून आहे, आणि मला वाटते की तो मराठी वाचकालाच आधी दिसायला हवा होता.

माझे म्हणणे एवढेच आहे. या ग्रंथांची खरी परीक्षा मराठीत होऊ शकते आणि ती आपण घेत नाही. स्ट्राउड यांच्या ग्रंथाचे मोल याने कमी होत नाही. अशोक गोपाळ यांचा 'अ पार्ट अपार्ट' हा २०२३ सालचा जाडजूड चरित्रग्रंथ मराठी लेखन आणि भाषणे यांवर मोठ्या प्रमाणात उभा आहे आणि त्यामुळेच त्यातील आंबेडकर अधिक बोलके, प्रसंगी अधिक चिडलेले आणि विनोदीही दिसतात. व्हॅलेरियन रॉड्रिग्ज यांनी २०२४ साली आंबेडकरांच्या राजकीय तत्त्वज्ञानाची सलग मांडणी करणारा ग्रंथ लिहिला. ऐश्वर्य कुमार यांचा २०१५ चा 'रॅडिकल इक्वॅलिटी' गांधी आणि आंबेडकर यांना समोरासमोर बसवतो. त्याचे गद्य इतके दाट आहे की एका पानाला एक रविवार लागतो, आणि सगळाच दाटपणा विचाराचा नाही, असे माझे नम्र मत आहे.

सावरकरांच्या बाबतीत चित्र थोडे निराळे दिसते. जानकी बखले यांच्या २०२४ च्या ग्रंथात कवी सावरकरांना स्वतंत्र प्रकरण आहे. १९२३ चे 'हिंदुत्व' हे पुस्तक इंग्रजीत लिहिलेले असले तरी त्याच्या मागे मराठी पोवाड्यांची आणि इतिहासलेखनाची परंपरा उभी आहे, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्या पुस्तकाचा सूरच कळत नाही. लेखिकेचे निष्कर्ष पटोत अथवा न पटोत, त्यांनी ज्या मराठी ओळींवर ते बेतले आहेत त्या ओळी तुम्हाआम्हाला पाठ आहेत. मग वाद घालायला आपण सोडून दुसरे कोण अधिक योग्य? प्रत्यक्षात ग्रंथ न वाचताच त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध पोस्ट पडतात आणि चार दिवसांनी सगळे शांत होते.

'फ्रॅटर्निटी'चेच घ्या. संविधानाच्या उद्देशिकेच्या मराठी पाठात 'बंधुता' आहे. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात आंबेडकरांनी सांगितले की, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाही, तिची मुळे राज्यशास्त्रात नसून धर्मात, बुद्धाच्या शिकवणुकीत आहेत. 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये तर फ्रॅटर्निटी हा शब्द अपुरा असून बुद्धाचा 'मैत्री' हाच योग्य शब्द आहे, असे ते स्पष्ट लिहितात. इंग्रजी ग्रंथकाराला 'मैत्री' तिरप्या टाइपात छापून समजावून सांगावी लागते. मराठीत तिची अडचण उलटी आहे. तो शब्द इतका रोजचा आहे की त्यात काही तत्त्वज्ञान असेल, अशी शंकाही येत नाही. 'मैत्री'ला दोस्तीपासून सोडवून पुन्हा संकल्पना बनवणे हे काम मराठीत लिहिणाऱ्यानेच करायचे आहे, आणि 'बंधुता'त भगिनी कुठे बसतात, हा प्रश्नही त्याच लेखात येऊन जाईल.

हे काम आपल्याला परके नव्हते. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली १९७४ साली मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड निघाले, ते अशाच एकेका शब्दाशी झटापट करून. अमळनेरला १९१६ मध्ये तत्त्वज्ञानाची संस्था उभी राहिली, वाईहून 'नवभारत' मासिक निघू लागले. त्या मासिकातील जुनी परीक्षणे आजही काढून वाचली तर लेखकाने ग्रंथ शेवटच्या पानापर्यंत वाचला होता, हे कळते.

आमच्या मंडळाच्या वहीत तिसऱ्या प्रकरणाच्या गोषवाऱ्यात त्या शब्दाची जागा अजून रिकामी आहे. बाईंनी पेन्सिलीने 'अंतःपरासरण' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले आहे, त्याखाली कोणीतरी 'मुरणे' लिहून खोडले आहे. येत्या रविवारी 'बहिष्कृत भारत'चे १९२७ चे अंक घेऊन बसायचे ठरले आहे. आंबेडकरांनी स्वतःच कुठे तरी मराठी शब्द वापरून ठेवला असेल, अशी मला आशा आहे. कोणाच्या वाचनात तो आला असेल तर कृपया कळवावे, अंकाच्या तारखेसह.