त्या ५३ सेकंदांच्या फ्लाइटबद्दल खुलासा

परवा मीच टाकलेलं की स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे बेट ते पापा वेस्ट्रे बेट विमान रोज ५३ सेकंदांत पोचतं, ते चुकलं, सॉरी. ५३ सेकंद हा रेकॉर्ड आहे, वारा मागून जोरात असला तरच असलं काही जमतं. लोगनएअर या विमान कंपनीच्या टाइमटेबलात चक्क २ मिनिटं लिहिलीत आणि हवेत साधारण दीडेक मिनिट जातं. अंतर मात्र बरोबर होतं, २.७ किमी, म्हणजे मुंबईची मेन धावपट्टीसुद्धा याच्यापेक्षा लांब आहे बघा! आणि ही जॉयराइड नाही, १९६७ पासूनची नेहमीची सर्व्हिस आहे, छोटं आयलँडर विमान असतं. जुना मेसेज फॉरवर्ड केला असेल तर डिलीट करा प्लीज, पुढे पाठवू नका.